वेंगुर्ला ते पणजी, शेवटचा दिवस: तेरेखोलची फेरी की आरोंद्याचा पूल?

नणंदबाई (वेंगुर्ला, रात्री ८.४०)

मंडळी, तातडीचा प्रश्न आहे. मोबाइलवर टंकतेय, हॅण्डल धरून धरून बोटं बधिर झालीत, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला.

मी आणि माझी वहिनी, दोघीच, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो त्याला आज नऊ दिवस झाले. मी ४९, वहिनी ५४. तिथून सागरी मार्गाने सायकलवर. मुक्काम मुरूड, श्रीवर्धन, केळशी, गुहागर, गणपतीपुळे, पावस, विजयदुर्ग, मालवण आणि आज वेंगुर्ला. विक्रमबिक्रम करायला निघालेलो नाही. दिवसाला ४० ते ८५ किलोमीटर, जेवण वेळेवर, दुपारी जमेल तिथे डुलकी. कोकणात सायकल चालवलेल्यांना सांगायला नको, पण इथे किलोमीटरवर काहीच ठरत नाही. खाडीवर उतरायचं, धक्क्यावर ताटकळायचं, पलीकडे गेलं की जांभ्याच्या सड्यावर चढायचं, सडा संपला की पुन्हा खाडी. वहिनीचा डावा गुडघा जैतापूरच्या अलीकडे कुरकुरायला लागला तो आज सरळ ओरडतोय.

उद्या शेवटचा दिवस. दादाने (म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने) ठाण्यात बसून उद्या संध्याकाळची कोकणकन्या काढून ठेवलीय, थिवीहून. त्याचं म्हणणं, आरोंद्याच्या पुलावरून किरणपाणीला उतरा, पेडणे, म्हापसा करत चारपर्यंत थिवी स्टेशन गाठा, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या टोकाचा सामानाचा डबा) टाका आणि झोपून या.

माझं गणित वेगळं आहे. आतापर्यंत पाच होड्या झाल्या: रो-रो, आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. तेरेखोल–केरी ही सहावी आणि बेती–पणजी सातवी. सात झाल्या की मी घरी यायला मोकळी. हट्ट आहे, मान्य. वहिनी म्हणते, "तुझ्या सात होड्या आणि माझा एक गुडघा."

तर तेरेखोलची फेरी ओहोटीला बंद पडते असं ऐकलंय, ते खरं का? वेंगुर्ल्यापासून तिथवर चढ किती? आणि थिवीला सायकली खरंच चढवता येतात का, की ते नुसतं दादाच्या डोक्यात? उद्या संकष्टी आहे, वहिनीचा उपास, तेही धरून सांगा.

खवचट_काका

टेम्पो.

नऊ दिवस चालवलीत ना सायकल? मग दहाव्या दिवशी टेम्पोत घाला, मागे गादीवर बसा, काजूचा मोहोर बघत जा. पन्नाशीतल्या गुडघ्याला होड्या मोजता येत नाहीत. आणि उपासाच्या दिवशी गोव्यात जाणाऱ्या बाईबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

दोन_चाकं_पुरेत

फक्त रेल्वेचं सांगतो, कारण त्यात माझे हात पोळलेत.

सायकल तिकिटावर लगेज म्हणून करा, म्हणजे त्याच गाडीने येते. पण त्यासाठी गाडीच्या दीड-दोन तास आधी पार्सल ऑफिसात हजर पाहिजे. तिकीट, ओळखपत्र, वजन, फॉर्म, पावती, आणि सायकलला दोन ठिकाणी पुठ्ठा बांधून त्यावर नाव, मोबाइल, पीएनआर, कुठून कुठे. मार्करने लिहा, बॉलपेनचं घामाने पुसतं. दिवे, पंप, बाटली, मीटर काढून स्वतःजवळ ठेवा. पेडलं आतल्या बाजूला वळवून बांधा, नाहीतर शेजारच्याच्या स्पोकमध्ये जातात.

एवढं करून खरी अडचण पुढेच आहे. मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. ब्रेकव्हॅन एका टोकाला, तुमचा डबा कुठेतरी मध्ये. दार उघडलं तर बरं, आत पोत्यांची थप्पी नसली तर बरं, हमाल असला तर बरं. एका लहान स्टेशनवर (कुठलं ते सांगत नाही) माझी सायकल फलाटावर राहिली आणि मी गाडीत. तीन दिवसांनी आली, पुढचा मडगार्ड न घेता. गाडी करायचीच असेल तर मडगावहून करा, तिथे ती सुटते. कोकणकन्या संध्याकाळी, मांडवी एक्सप्रेस सकाळी.

उद्या वेंगुर्ल्याहून निघून, गुडघा सांभाळत, फेरी धरून, त्याच संध्याकाळची गाडी पकडायची? माझा सल्ला, नको. दिवसभर घड्याळच बघत बसाल.

आरवलीकर

ताई, मी आरवलीचा, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात. फेरीचं विचारलंत म्हणून लिहितो.

ओहोटी फार खाली गेली की तेरेखोलची फेरी थांबते हे खरं. धक्क्याजवळ पाणी उरत नाही. पण त्यासाठी कुठलं ॲप बघायची गरज नाही, उद्या चतुर्थी एवढं पुरे. आमच्या आजोबांचा हिशेब होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला भरती, दुपारी पुन्हा तीनच्या पुढेमागे. त्यात सहा तास मिळवा, नऊला ओहोटी. हे मुंबईकडचं झालं, आमच्याकडे दक्षिणेला पाऊण तास-तासभर आधीच धरायचं. म्हणजे आठ-साडेआठला पाणी तळाला. तुम्ही नऊला धक्क्यावर पोचलात तर बसाल रापण (किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं) बघत. साडेदहाच्या पुढे जा, पाणी चढतं असेल.

मधला वेळ कसा घालवायचा ते तुमचं तुम्ही ठरवाल, पण वाटेवर आरवलीला वेतोबा आहे आणि रेडीला गणपती. संकष्टीला रेडीच्या गणपतीवरून सायकल हाणत पुढे गेलात तर वहिनी बोलतील, मी नाही.

चढ म्हणाल तर मोचेमाडचा एक, जरा छातीवर येतो. पुढे टांक, आरवली, शिरोडा सपाट. रेडीत थोडं वरखाली. रेडीत रस्त्याच्या कडेने जपून, खनिजाचे ट्रक चालू असतात.

फोंड्याचा

पलीकडचं मी सांगतो. केरीला उतरल्यावर एक छोटा चढ, मग हरमल. हरमल ते मोरजी भाड्याच्या स्कूटरवाल्यांपासून जपा. स्कूटरला आरसा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. चोपड्याच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की शिवोली. तिथून म्हापशात अजिबात घुसू नका. पर्रा, साळगाव, वेरें, बेती असे आतून या, सावली आहे.

आणि पणजीत पुलावरून यायचा विचारही नको. अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे आणि खालच्या पुलांवर बसवाले तुम्हाला मांडवीत घालतील. बेतीची फेरी आहेच. म्हणजे तुमची सातवी होडी हट्ट नाही, तोच शहाणपणाचा रस्ता आहे.

नणंदबाई (रात्री १०.२०)

सगळ्यांचे आभार. दादाला फोन केला. त्याला पाऊणपटीचं गणित सांगितलं तर म्हणाला, "तिकीट रद्द केल्यावर किती कापतात ते गणित तुझ्या आजोबांना येतं का?" त्याचे आजोबा आणि माझे आजोबा एकच, हे त्याच्या लक्षात नाही आलं. तिकिटं रद्द. पणजीला मुक्काम. कापलेले पैसे माझ्या खात्यावर मांडलेत.

काका, टेम्पोबद्दल वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गादी कसली ते विचार.

नणंदबाई (तीन दिवसांनी, ठाणे)

पोचलो. सगळ्यांनी एवढं सांगितलंत तर काय झालं ते लिहायला हवं.

साडेसहाला निघालो तेव्हा काळोख होता. मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा, आणि पश्चिमेला चतुर्थीचा चंद्र अजून बराच वर. वहिनीने गुडघ्याला खोबरेल चोळून वर क्रेप बॅण्डेज आवळलं होतं, त्यावर लेगिंग. मोचेमाडच्या चढाला तिने वाद घातला नाही, उतरली आणि सायकल हातात घेऊन चालायला लागली. मीही उतरले. नऊ दिवस मी चढावर पुढे जाऊन वर तिची वाट बघत थांबत होते, आणि ती वर आली की लगेच "चल" म्हणत होते. तिने मोचेमाडला मला सांगितलं की याचा तिला फार राग येतो. तू दहा मिनिटं बसलेली असतेस, मी पोचते आणि तुझी विश्रांती संपते. नऊ दिवस! मला एकदाही सुचलं नव्हतं. वर पोचल्यावर उजवीकडे खाली मोचेमाडची खाडी समुद्राला मिळते ती दिसते, नुकतं उजाडत होतं, पाणी ओहोटीला लागलेलं आणि वाळूचा दांडा उघडा पडलेला. तिथे मुद्दाम पंधरा मिनिटं बसलो. तिची विश्रांती.

आरवलीला वेतोबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा देव रात्री गावात फेरी मारतो अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. चपला म्हणजे आपल्या मापाच्या नव्हेत, माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या. आणि वाहिलेल्या चपलांचे तळवे झिजतात म्हणतात. मी वाकून बघितले. झिजले होते की नाही ते सांगता येत नाही, पण दहा दिवस रोज टायर झिजलाय का ते बघणारीला दुसऱ्या कोणाचा तळवा तपासताना बरं वाटलं. वेतोबाला केळी चालतात, घडच्या घड वाहतात. प्रसादाला दोन केळी मिळाली, वहिनीच्या उपासाची सोय देवानेच केली.

बाहेर एक म्हातारी फुलं विकत होती. वहिनी माहेरची कुडाळची. रायगड जिल्ह्यात ती गप्प होती, गुहागरात जेमतेम बोलायची, विजयदुर्ग ओलांडलं आणि तिची मालवणी सुटली ती थांबेना.

"खयसून इलात?"

"मुंबयसून."

"सायकलीन? दोघीच? आणि घोव खय?"

"घोव घराक. जेवान करता."

म्हातारी एवढी हसली की तिने अबोलीचा एक वळेसर फुकट दिला. तो पुढे पणजीपर्यंत वहिनीच्या हॅण्डलला होता, ब्रेकच्या केबलला गुंडाळलेला.

शिरोड्यात मी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. वहिनीने समोर बसून रताळं खाल्लं आणि माझ्या ताटाकडे बघितलं नाही. फार बघितलं नाही. गावाबाहेर मिठागरं लागतात. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथलं नाव शाळेत पाठ केलेलं, पण प्रत्यक्षात हे वाफे इतके लहान आणि घरगुती दिसतील असं वाटलं नव्हतं. एक माणूस फावडीने मीठ ओढत होता, आम्हाला बघून थांबला, मग पुन्हा ओढायला लागला.

रेडीच्या गणपतीला संकष्टीची रांग. मूर्ती १९७६ साली इथल्याच खाणीत सापडली, दोन हातांची, चांगली उंच. आम्ही हेल्मेट काखेत धरून रांगेत उभ्या. मागची एक बाई वहिनीला म्हणाली, स्कूटर कुठे लावलीत? सायकल सांगितल्यावर तिने आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला आता पाठ आहे. त्यात थोडं कौतुक असतं आणि थोडी आपल्या घरच्यांबद्दलची काळजी.

आणि मग पंक्चर. नऊ दिवस एक नाही, शेवटच्या दिवशी माझ्या मागच्या चाकाला, तेही तेरेखोल पाच किलोमीटरवर असताना. लाल मातीचा रस्ता, ट्रक गेला की दोन मिनिटं काही दिसत नाही. मी सवयीने ट्यूब बदलली, हवा भरली, बसले, दोनशे मीटरवर पुन्हा खाली. मूर्खपणा माझा. काय घुसलंय ते न काढता नवी ट्यूब घातली होती.

वहिनीने मला बाजूला बसवलं. तिने टायर पूर्ण उलटा केला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आतून हळूहळू फिरवत गेली. बोटाने फिरवायचं नाही, कापतं. ओढणी एका ठिकाणी अडकली. डोळ्याला काही दिसेना. टायर वाकवून रबराची चीर उघडली तेव्हा आत केसाएवढी एक तार, अर्धा सेंटिमीटर, बाहेर फक्त टोक. ट्रकचा टायर फुटला की त्यातल्या पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात, त्यातली. नखाने निघेना, पाना मोठा पडतो. वहिनीने बॅगेतून भुवया कोरायचा चिमटा काढला. या चिमट्यावरून मी मांडव्याला बोलले होते, वजन कमी ठेवायचं ठरलं असताना हे काय आणलंस म्हणून. तिने तार ओढून काढली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि काही बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

पहिल्या ट्यूबला ठिगळ लावलं, दुसरी गुंडाळून ठेवली. पाऊण तास गेला. तेरेखोलला पोचलो तेव्हा अकराला दहा कमी. आरवलीकर, तुमच्या आजोबांना नमस्कार सांगा. धक्क्याच्या उतारावर शेवाळाची ओली रेघ दिसत होती आणि पाणी तिच्यापासून दोन हातांवर, वर चढत होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, सकाळी तास-दीड तास फेरी लागलीच नव्हती. म्हणजे पंक्चर झालं नसतं तर लवकर येऊन इथेच बसलो असतो. हे मी वहिनीला मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "पंक्चर तुझं, शहाणपणही तुझंच का?"

तेरेखोलची गंमत अशी की नदीच्या उत्तरेला, म्हणजे महाराष्ट्राच्या काठाला असूनही ते गाव गोव्यात आहे. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ ला गोव्याच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. आम्ही खालूनच बघितला. वर जायला चढ आहे, आणि त्या दिवशीचा चढ मोचेमाडला संपला होता.

सहावी होडी. सायकलला पैसे पडले नाहीत. फेरीवरचा माणूस "बायो, सायकल हांगा दवर" म्हणाला आणि वहिनीने पटकन मला मराठीत सांगितलं, जणू मला कळलं नव्हतं. पाणी शांत, पाचेक मिनिटांत केरी.

पलीकडचं फार लिहीत नाही. हरमलला ऊन डोक्यावर आलं, स्कूटरवाल्यांबद्दल फोंड्याचा यांनी लिहिलं ते शब्दशः खरं. मांद्रे, मोरजी पटापट गेले. चोपड्याच्या पुलावर वहिनी मधोमध थांबली, मला वाटलं गुडघा. पण ती नदी बघत होती. म्हणाली, आता सडा नाही ना पुढे? मी म्हटलं नाही. म्हणाली, बरं झालं, आणि लगेच, वाईट झालं.

शिवोलीला शहाळी. पर्ऱ्याला दोन्ही बाजूंनी माडांची रांग असलेला तो प्रसिद्ध रस्ता आहे, तिथे रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढणारी एवढी मंडळी की घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला. एका मुलीने विनंती केली, आँटी, जरा बाजूने जाता का, फ्रेममध्ये येताय. दहा दिवस सायकल चालवत आलेल्या दोन बायका, लाल मातीने माखलेल्या, आणि आम्ही फ्रेम बिघडवतोय! वहिनी मात्र थांबली, त्या मुलीचा फोटो स्वतः काढून दिला, आणि मग तिला चाकं दाखवून सांगितलं कुठून आलो ते. मुलीने आमच्यासोबत तीन सेल्फी काढले. आता आम्ही कोणाच्यातरी फोनमध्ये आहोत.

साळगावचं पांढरं टोकदार चर्च मागे टाकून वेरें, बेती. पाच वाजले. सातवी होडी म्हणजे ऑफिस सुटलेल्या माणसांची गर्दी, स्कूटरी, भाजीची पिशवी, एक शाळेचा मुलगा दप्तर मांडीवर घेऊन झोपलेला. मांडवीत कॅसिनोच्या बोटी दिव्यांनी लखलखायला लागलेल्या. मला वाटलं होतं मी रडेन वगैरे. पण उतरायची घाई, मागून हॉर्न, आणि वहिनीचं पुढचं चाक धक्क्याच्या पट्टीत अडकलं, ते सोडवण्यात पणजी आली. मीटरवर दिवसाचे ६८, एकूण ५८० च्या पुढे.

खोलीवर सायकली ठेवल्या, आंघोळ केली, आणि चंद्रोदयाची वाट बघत मांडवीकाठी जाऊन बसलो. नऊ वाजून गेले. पूर्वेला पूल आडवे, त्यांचे दिवे, चंद्र कुठून येणार तेच कळेना. दादाचे दोन फोन, इकडे दिसला, तुमच्याकडे? शेवटी पुलाच्या कठड्यावर एक तांबूस कड आली. वहिनीने सायकलच्या बाटलीतल्या पाण्याने अर्घ्य दिलं. तीच बाटली, इलेक्ट्रॉलच्या वासाची. मग भाजीपाव.

दोन_चाकं_पुरेत

चिमट्याची नोंद घेतली. माझ्या किटमध्ये उद्यापासून एक. परत कसे आलात ते राहिलं. मडगावहून मांडवी?

नणंदबाई

नाही हो. पणजीहून रात्रीची खासगी बस, दुसऱ्या दिवशी. वहिनी म्हणाली, मडगावला जायला पुन्हा ३०-३५ किलोमीटर, तेवढ्यात मी रत्नागिरी गाठेन. बसवाल्याने सायकलमागे पाचशे सांगितले, तीनशेवर आला. पुढची चाकं काढली, पेडलं तुम्ही सांगितल्याप्रमाणे आत वळवून बांधली, चेनच्या बाजूला जुनी चादर गुंडाळली आणि डिकीत उभ्या ठेवल्या, आडव्या नाही. आडवी ठेवली की वर लोकांच्या बॅगा येतात आणि डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) वाकतो. ठाण्याला हायवेवर पहाटे उतरवून दिलं. दादा घ्यायला आला होता. त्याने आधी सायकल बघितली, मग बायको. वहिनीने ते बरोबर टिपलंय.

खवचट_काका

म्हणजे शेवटी टेम्पोच, फक्त मोठा.

आरवलीकर

ताई, आजोबा आता नाहीत, पण नमस्कार पोचला असं समजा. पुढच्या वेळी दशमीला या. दहाची पाऊणपट साडेसात, आमच्याकडे साडेसहाच धरा. सकाळी पाणी भरलेलं, उजाडताच निघालात तर आठ-साडेआठला सुद्धा फेरी मिळेल.

नणंदबाई

वहिनीला दाखवलं. तिचं एवढंच म्हणणं आहे की तिथी कुठलीही असो, संकष्टी नको. दहा दिवस किनाऱ्याने आलो आणि गोव्यात पोचलो त्या रात्री ताटात भाजीपाव, हे ती विसरलेली नाही. दुसऱ्या दिवशी बसच्या आधी पणजीत दोन थाळ्या मागवल्या, सुरमईच्या. दोन्ही तिनेच संपवल्या, मला फक्त सोलकढी मिळाली.